गुडघे टेकलेला दाता

ख्रिस्ती धर्माची मूळ कथा एका गोठ्यात सुरू होते. तिच्यातील बालक गव्हाणीत निजते, सुताराच्या घरी वाढते, मोठेपणी कोळ्यांना सोबती म्हणून निवडते आणि धनिकांना त्यांच्या धनाविषयी वारंवार सावध करते. असे असूनही या कथेची जी चित्रे युरोपातील देवळांतून शतकानुशतके रंगविली गेली, त्यांत सोन्याची लयलूट आहे, रत्नजडित सिंहासने आहेत, राजेरजवाड्यांची वस्त्रे आहेत आणि सावकारांची कुलचिन्हेही आहेत. गोठा आणि राजवाडा एकाच चौकटीत कसे नांदू लागले, हा प्रश्न ही चित्रे पाहणाऱ्या कोणाच्याही मनात सहज उभा राहतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी चित्राच्या मध्यभागापेक्षा त्याच्या कडेकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. मध्ये मरियामाता आणि बाळ येशू असतात. भोवती देवदूत व संत असतात. आणि एका बाजूला, बहुधा खालच्या अंगाला, हात जोडून गुडघे टेकलेला एक मनुष्य असतो. तो संत नव्हे आणि बायबलमधील पात्रही नव्हे. चित्राचे पैसे त्याने दिलेले असतात. कलेचे इतिहासकार त्याला ‘दाता’ म्हणतात. हा दाता चित्रात केवढा काढला आहे, पवित्र व्यक्तींपासून किती अंतरावर आहे आणि त्याच्यासाठी रदबदली करणारा एखादा संत मध्ये उभा आहे की नाही, एवढ्या तीन गोष्टी पाहिल्या तरी त्या काळची श्रद्धा, सत्ता आणि प्रतिष्ठा यांचा हिशेब बराचसा उलगडतो.

आरंभीच्या ख्रिस्ती कलेत या दात्याला फारसे स्थान नव्हते. रोम शहराखालच्या भुयारी दफनभूमींत जी चित्रे सापडतात त्यांत खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ वारंवार दिसतो. हाच त्या काळचा ख्रिस्त. इ. स. ३१३ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस यांनी या धर्माला मोकळीक दिली, आणि त्यानंतर शंभर वर्षांच्या आत मेंढपाळाचा पोशाख पालटला. रोममधील सांता पुदेन्झियाना या देवळात इ. स. ४०० च्या सुमारास केलेले एक जडावकाम आजही पाहावयास मिळते. त्यात ख्रिस्त सोनेरी वस्त्र परिधान करून रत्नखचित सिंहासनावर बसला आहे आणि गालील सरोवरात जाळी टाकणारे त्याचे शिष्य रोमच्या सभासदांसारखे झगे घालून दोन्ही बाजूंना बसले आहेत. ख्रिस्त राजांचा राजा आहे, ही श्रद्धा जुनीच होती. पण राजा कसा दिसतो हे चित्रकाराला फक्त सम्राटाच्या दरबारावरूनच ठाऊक होते. म्हणून स्वर्गाला दरबाराचे रूप आले, आणि त्याबरोबर दरबाराला स्वर्गाची थोडी प्रभा लाभली.

या देवघेवीचे सर्वांत ठसठशीत उदाहरण इटलीच्या पूर्व किनाऱ्याजवळील राव्हेन्ना शहरात आहे. तेथील सान व्हिताले हे देऊळ इ. स. ५४७ मध्ये अर्पण करण्यात आले. वेदीच्या दोन्ही अंगांना रंगीत काचेच्या आणि सोनेरी खड्यांच्या जडावाची दोन चित्रे समोरासमोर आहेत. एकात सम्राट जस्टिनियन सुवर्णपात्र घेऊन उभा आहे, तर दुसऱ्यात सम्राज्ञी थिओडोरा रत्नजडित पेला घेऊन उभी आहे. दोघेही ख्रिस्तप्रसादाची भांडी अर्पण करीत आहेत. दोघांच्या मस्तकांभोवती तेजोवलय आहे. थिओडोराच्या वस्त्राच्या काठावर बाळ येशूला नजराणे घेऊन येणारे पूर्वेकडील तीन ज्ञानी पुरुष विणलेले दाखविले आहेत. सम्राज्ञीचे दान त्यांच्या दानाच्या पंक्तीत बसावे, असा त्याचा अर्थ. वस्तुस्थिती अशी, की जस्टिनियन राव्हेन्नात कधी आलाच नाही. त्याच्या सैन्याने ते शहर गॉथ लोकांकडून इ. स. ५४० मध्ये घेतले होते आणि सम्राटाची हजेरी भिंतीवरच्या चित्राने लागत होती. बांधकामाचा खर्च ज्याने उचलला तो ज्युलियानस हा पेढीवाला होता. चित्रांवर मात्र एकच नाव आहे: सम्राटाशेजारी उभ्या असलेल्या बिशप मॅक्सिमियानसचे. सम्राटाला नावाची गरज नव्हती. नव्याने नेमलेल्या बिशपाला होती.

येथे दाता गुडघे टेकीत नाही. तो उभा आहे आणि त्याच्या शिरावर तेज आहे, कारण तो सम्राट आहे. पुढे सहा-सात शतकांनी, जेव्हा पैसा सम्राटांकडून व्यापाऱ्यांकडे आणि सावकारांकडे आला, तेव्हा त्याला गुडघे टेकावे लागले. त्याचे कारण समजण्यासाठी मध्ययुगीन ख्रिस्ती समाजाची एक अडचण लक्षात घ्यावी लागते. व्याज घेणे हे चर्चच्या दृष्टीने पाप होते. इ. स. ११७९ च्या लॅटरन धर्मपरिषदेने उघड व्याजखोरांना ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता. दुसऱ्या बाजूने, कर्जाऊ पैशावाचून ना राजाची लढाई चाले, ना बिशपाचे बांधकाम. सावकाराची गरज सर्वांना होती आणि त्याच्या मोक्षाची हमी कोणीच देत नव्हते. शिवाय मृत्यूनंतर सामान्य पापी जीवाला शुद्धीची शिक्षा भोगावी लागते आणि मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनांनी ती कमी होते, अशी शिकवण दृढ झाली होती. तेव्हा प्रार्थना करणाऱ्यांना आपली आठवण राहावी, यासाठी देवळाच्या भिंतीवर चेहरा असणे ही धनिकाला केवळ हौस वाटत नव्हती. त्याच्या दृष्टीने तो परलोकातील तरतुदीचा भाग होता.

उत्तर इटलीतील पादुआ शहरात एन्रिको स्क्रोवेन्यी नावाचा एक धनाढ्य गृहस्थ होता. त्याचा बाप रेजिनाल्दो सावकारीसाठी इतका कुप्रसिद्ध होता, की महाकवी दान्तेने आपल्या काव्यातील नरकाच्या सतराव्या सर्गात गळ्यात थैल्या अडकविलेल्या व्याजखोरांमध्ये त्याला बसविले. दान्ते नाव घेत नाही. थैलीवर निळ्या गाभण डुकरिणीचे कुलचिन्ह आहे एवढेच सांगतो, आणि ते स्क्रोवेन्यी घराण्याचे होते. या बापाच्या मुलाने इ. स. १३०० मध्ये शहरातील जुन्या रोमन रंगमंडलाची जागा विकत घेतली, तेथे प्रार्थनामंदिर बांधले आणि त्याच्या भिंती रंगविण्यासाठी जोत्तो या त्या काळच्या श्रेष्ठ चित्रकाराला बोलाविले. २५ मार्च १३०५ रोजी ते अर्पण झाले.

जोत्तोने त्या भिंतींवर मरियेच्या आईबापांपासून शिष्यांवर पवित्र आत्मा उतरण्यापर्यंतची कथा चितारली. प्रवेशद्वाराच्या आतल्या भिंतीवर अंतिम न्यायाचे भव्य चित्र आहे. त्यात एका बाजूला नरकात व्याजखोर आपल्याच थैल्यांच्या दोऱ्यांनी टांगलेले आहेत. दुसऱ्या बाजूला, तरलेल्यांच्या अंगाला, एन्रिको स्वतः जांभळ्या पोशाखात गुडघे टेकून मंदिराची प्रतिकृती मरियेला अर्पण करीत आहे. जांभळा हा पश्चात्तापाचा रंग. त्याच्या खालीच कबरींतून उठणारे जीव आहेत; ते उघडे आहेत आणि बोटाएवढे लहान आहेत. एन्रिको मात्र समोरच्या पवित्र व्यक्तींच्याच मापाचा आहे. पश्चात्ताप करणारा पापी आणि शहरातला मोठा माणूस, या दोन्ही भूमिका त्याने एकाच आकृतीत वठविल्या आहेत. ही गोष्ट शेजाऱ्यांच्या लक्षात आली नाही असे नव्हे. जवळच्या मठातील संन्याशांनी जानेवारी १३०५ मध्येच तक्रार गुदरली होती, की हे बांधकाम ईश्वराच्या गौरवापेक्षा डौलासाठी अधिक चालले आहे.

तरीही जोत्तोने आपल्या यजमानाला केवळ खूश केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. वेदीच्या कमानीशी त्याने चांदीच्या नाण्यांची थैली घेणारा यहूदा रंगविला आणि त्याच्या पाठीशी सैतान उभा केला. भिंतीच्या खालच्या पट्ट्यात दयेची मूर्ती काढली ती पैशांच्या थैल्यांवर पाय देऊन उभी असलेली. सावकाराच्या पैशाने बांधलेल्या देवळात पैशाविषयीची ही कठोर शिकवण उघड दिसते, आणि त्या पैशाच्या मालकाने ती रंगवू दिली. त्याची भीती खरी होती, हे यावरून कळते.

श्रद्धा आणि पैसा यांचा संबंध चित्राच्या विषयापुरताच नव्हता. तो रंगातही उतरला होता. मरियेचे वस्त्र निळे असावे असा संकेत होता आणि उत्तम निळा रंग लाजवर्द दगडाच्या भुकटीपासून तयार होई. हा दगड अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येई. चित्रकारांशी होणाऱ्या करारांत या रंगाची प्रत आणि किंमत लिहून घेतली जाई. इ. स. १४८५ मध्ये फ्लॉरेन्समधील अनाथ बालकांच्या रुग्णालयाच्या प्रमुखाने गिर्लांदायो या चित्रकाराशी केलेला करार उपलब्ध आहे. पूर्वेकडील ज्ञानी पुरुष बाळ येशूला वंदन करीत आहेत, असे चित्र हवे होते. मोबदला ११५ फ्लोरिन ठरला, आणि निळा रंग औंसाला सुमारे चार फ्लोरिन किमतीचा असावा अशी अट घातली गेली. भाविकाला चित्रातील निळा झगा पाहताना मरियेचा महिमा दिसे, आणि जाणकाराला त्याचबरोबर खर्चाचा आकडाही दिसे.

टाकून दिलेल्या अर्भकांना सांभाळणाऱ्या संस्थेने असा खर्च करावा काय, हा आक्षेप त्या काळी नवा नव्हता. सुमारे ११२५ मध्ये क्लेर्व्होचा मठाधिपती बर्नार्ड याने देवळांच्या भिंती सोन्याने नटतात आणि देवळाबाहेरचे गरीब उघडे राहतात, याविषयी जळजळीत शब्दांत लिहिले होते. त्याचाच समकालीन, पॅरिसजवळील सेंट डेनिसचा मठाधिपती स्यूजे, याचे मत उलट होते: मौल्यवान वस्तूंच्या तेजाने मन जडाकडून दिव्याकडे चढते, म्हणून जे सर्वोत्तम ते ईश्वरालाच द्यावे. त्याने आपल्या देवळातील रंगीत काचेच्या खिडकीत स्वतःला मरियेच्या पायाशी लोटांगण घातलेले दाखविले आणि आपले नावही घालून घेतले. हा वाद कधीच पूर्ण मिटला नाही. गिर्लांदायोने मात्र त्या रुग्णालयाच्या चित्रात एक गोष्ट केली. नजराणे आणणाऱ्या थोरांच्या पुढे, अगदी समोर, त्याने शुभ्र वस्त्रांतील दोन लहान मुलांना गुडघे टेकविले. हेरोद राजाने मारविलेल्या निष्पाप बालकांचे ते प्रतिनिधी. त्यांच्या अंगावर जखमा आहेत. त्या संस्थेतील पोरक्या मुलांना त्यांत आपले रूप दिसावे अशीच ती मांडणी आहे.

आल्प्स पर्वतापलीकडे, बर्गंडीच्या दरबारात, हाच दाता आणखी पुढे सरकला. निकोला रोलाँ हा ओतूँ गावच्या साध्या नागरी घराण्यातला माणूस. कायद्याच्या विद्येच्या बळावर तो १४२२ मध्ये बर्गंडीचा चॅन्सेलर झाला. १४३५ च्या सुमारास यान व्हान आइकने त्याच्यासाठी काढलेले चित्र आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात सोनेरी वेलबुट्टीच्या, केसाळ कातड्याच्या काठाच्या झग्यातील रोलाँ एका बाजूला आहे आणि मरिया बाळाला घेऊन दुसऱ्या बाजूला आहे. दोघांचे माप सारखे आहे आणि मध्ये रदबदली करणारा संत नाही. खिडकीबाहेर त्याच्या बाजूला द्राक्षमळ्यांच्या टेकड्या आहेत, तर मरियेच्या बाजूला देवळांची गर्दी आहे. पूर्वीच्या काळी जो कोपऱ्यात बोटभर दिसे, तो आता स्वर्गाच्या राणीसमोर एकाच दालनात बसला आहे. ड्यूकच्या चॅन्सेलराला ज्याच्या त्याच्या वशिल्याची गरज पडत नसे. चित्रातही ती पडलेली नाही.

याच रोलाँने पत्नी गिगोन हिच्यासह १४४३ मध्ये बोन या गावी गरिबांसाठी रुग्णालय स्थापन केले. त्याने आधी पुष्कळांना दरिद्री केले, तेव्हा त्यांच्यासाठी निवारा बांधणे त्याला योग्यच होते, असा एक टोला राजा अकरावा लुई याच्या नावावर सांगितला जातो. रुग्णालयाच्या चॅपेलसाठी रोजिए व्हान डर वायडनने अंतिम न्यायाचे अनेक फळ्यांचे वेदीचित्र रंगविले. फळ्या मिटलेल्या असत तेव्हा बाहेर रोलाँ आणि त्याची पत्नी गुडघे टेकलेली दिसत आणि त्यांच्या मागे देवदूत कुलचिन्हे धरून उभे असत. सणावारी फळ्या उघडत, आणि लांबलचक दालनातील खाटांवर पडलेल्या रोग्यांना आतले चित्र दिसे. त्यात मायकेल देवदूत तराजूत जीवांचे वजन करीत आहे. कबरींतून उठलेली सर्व माणसे विवस्त्र आहेत. कोणाच्याही अंगावर झगा, पदक, कुलचिन्ह यांपैकी काही नाही. त्यांना ओढून नेणारे सैतानही येथे नाहीत. आपापल्या कर्माच्या ओझ्याने ती नरकाकडे कोसळत आहेत. बाहेरच्या फळीवर चॅन्सेलराची प्रतिष्ठा आहे आणि आतल्या फळीवर ती प्रतिष्ठा उतरवून ठेवावी लागेल हे सांगणारे चित्र आहे. दोन्ही फळ्यांचे पैसे एकाच माणसाने दिले. मरणाच्या दारातील गरिबाला त्यातून भय वाटले असेल आणि दिलासाही मिळाला असेल. आपल्याला जो न्याय, तोच खाविंदांनाही, एवढे तरी त्याला त्या चित्रातून नक्की वाचता येत होते. हे रुग्णालय पुढे १९७१ पर्यंत चालू राहिले.

श्रीमंत कडेला आणि गरीब मध्ये, अशी मांडणी याच शतकात एका महान चित्रात झाली. तोम्मासो पोर्तिनारी हा फ्लॉरेन्सच्या मेदिची पेढीचा ब्रूज शहरातील मुख्य. त्याने ह्यूगो व्हान डर गूसकडून १४७५ च्या सुमारास येशूजन्माचे प्रचंड वेदीचित्र करविले. बाजूच्या फळ्यांवर तोम्मासो, त्याची पत्नी आणि मुले गुडघे टेकून आहेत. मागे उभ्या असलेल्या संतांपुढे ती फारच लहान दिसतात. मध्यभागी जमिनीवर उघडे बाळ आहे आणि त्याच्याकडे धावत आलेले तीन मेंढपाळ आहेत. त्यांचे चेहरे उन्हाने रापलेले, हात कष्टाने राठ झालेले. एकाचे तोंड आश्चर्याने उघडेच राहिले आहे. बायबलच्या कथेत ही वार्ता आधी मेंढपाळांनाच कळते. चित्रकाराने ते वाक्य शब्दशः खरे मानले आणि दरबारी शिष्टाचार बाजूला ठेवून त्यांना बाळाजवळ नेले. १४८३ मध्ये हे चित्र फ्लॉरेन्समध्ये, पोर्तिनारींच्या पूर्वजाने स्थापन केलेल्या सांता मारिया नोव्हा रुग्णालयाच्या देवळात पोहोचले, तेव्हा तेथील चित्रकार त्या मेंढपाळांकडे पाहून थक्क झाले. गिर्लांदायोने १४८५ मध्ये मेदिची पेढीचाच दुसरा अधिकारी सास्सेत्ती याच्यासाठी काढलेल्या चित्रात त्या मेंढपाळांची छाया स्पष्ट आहे.

तोपर्यंत पोर्तिनारीचे दिवस फिरले होते. बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स याला त्याने पेढीच्या नावावर भरमसाट कर्जे दिली होती. ड्यूक जानेवारी १४७७ मध्ये लढाईत मारला गेला आणि पैसे बुडाले. १४८० च्या सुमारास मेदिचींनी ब्रूजच्या व्यवहारातून अंग काढून घेतले. १५०१ मध्ये तोम्मासो त्याच सांता मारिया नोव्हा रुग्णालयात मरण पावला. त्याचे चित्र तेथील देवळात होते.

सोळाव्या शतकात या सर्व व्यवस्थेवरच आघात झाला. पैसे देऊन पापमुक्ती मिळते या कल्पनेला ल्यूथरने विरोध केला, आणि शुद्धीच्या यातनांची शिकवणच नाकारली गेल्यावर दात्याच्या गुडघे टेकण्याचे मुख्य प्रयोजन प्रोटेस्टंट प्रदेशांत उरले नाही. १५६६ मध्ये नेदरलँड्समध्ये जमावांनी देवळांत शिरून मूर्ती आणि वेदीचित्रे फोडली. त्यामागे मूर्तिपूजेविषयीचा धार्मिक संताप होता. तसाच, ज्यांची घराणी त्या चित्रांतून मिरवत होती त्यांच्याविषयीचा रागही त्यात मिसळला नसेल, असे म्हणता येत नाही. कॅथलिक चर्चने १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत प्रतिमांचे समर्थन केले, परंतु नव्या धाटणीच्या चित्राला बिशपाची संमती हवी असेही ठरविले. दात्याच्या जोडीला आता परीक्षकही चित्रकाराच्या पाठीशी येऊन उभा राहिला. १५७३ मध्ये व्हेनिसच्या धर्मन्यायालयाने व्हेरोनेझेला बोलावून विचारले, की ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनात विदूषक, बुटके आणि जर्मन शिपाई कशासाठी? धनिकाच्या घरच्या मेजवानीत असे लोक असतातच, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. चित्र दुरुस्त करण्याचा हुकूम झाला. त्याने चित्राचे नावच बदलून ‘लेवीच्या घरची मेजवानी’ असे केले आणि विदूषक जागच्या जागी राहिला.

या बदललेल्या काळात दात्याची रिकामी जागा कोणी घेतली, याचे उत्तर रोममधील संत ऑगस्टीनच्या देवळात आहे. काव्हालेत्ती कुटुंबाच्या चॅपेलसाठी काराव्हाज्योने १६०४ ते १६०६ च्या दरम्यान तेथे ‘लोरेतोची माता’ हे चित्र काढले. एका साध्या घराच्या उंबऱ्यावर मरिया बाळाला घेऊन उभी आहे. तिच्यासमोर, जेथे पूर्वी यजमान पती-पत्नी असत अगदी त्याच जागी, दोन वृद्ध यात्रेकरू गुडघे टेकून आहेत. पुरुषाचे उघडे तळवे प्रेक्षकाच्या बाजूला आहेत. त्यांना वाटेची माती लागली आहे. म्हातारीच्या डोक्यावरचे फडके मळके आणि फाटके आहे. बाल्योने या प्रतिस्पर्धी चित्रकाराने नोंदवून ठेवले आहे, की या पायांवरून आणि त्या फडक्यावरून लोकांत मोठा गवगवा झाला. पंढरीची वाट पायी चाललेल्या माणसाला त्या तळव्यांची ओळख पटविण्याची गरज पडणार नाही. चित्राचे पैसे या दोघांनी दिलेले नव्हते. तरीही मरिया झुकून पाहते आहे ती त्यांच्याकडे.

याच सोळाव्या शतकात हा सारा वाद पोर्तुगीज गलबतांबरोबर गोव्यातही उतरला. अख्रिस्ती कारागिरांकडून पवित्र प्रतिमा करवून घेऊ नयेत असे निर्बंध चर्चने तेथे घातले. तरी हस्तिदंताच्या आणि लाकडाच्या मूर्तींत स्थानिक हाताची ठेवण राहिलीच. जुन्या गोव्यातील बॉं जेझूस देवळात संत फ्रान्सिस झेवियरचे शव ज्या रुप्याच्या पेटीत आहे, ती १६३६-३७ मध्ये गोव्याच्याच चांदीकारांनी घडविली. ती पेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे, तो तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो मेदिची याने फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याच्याकडून करवून पाठविला, आणि १६९८ मध्ये तो उभारला गेला. ज्या उशीवर संताचे मस्तक होते ती मिळाल्याबद्दलची ही कृतज्ञता, असे परंपरा सांगते. पोर्तिनारीच्या धन्यांचे नाव अशा रीतीने मांडवीच्या काठी येऊन पोहोचले. दात्याचे आणि शिल्पकाराचे नाव सर्वत्र सांगितले जाते. चांदीकारांचा उल्लेख बहुधा ‘गोव्याचे कारागीर’ एवढाच होतो.

विसाव्या शतकात गोव्याच्याच आंजेलो द फोन्सेका या चित्रकाराने हा प्रश्न निराळ्या बाजूने विचारला. त्याचा जन्म १९०२ चा. शांतिनिकेतनात शिक्षण घेऊन परतल्यावर त्याने मरियेला साडी नेसविली आणि तिला भारतीय स्त्रीचा वर्ण व चेहरा दिला. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात हे अनेकांना रुचले नाही. पवित्रतेला एकच वर्ण आणि एकच पोशाख असतो, ही समजूत इतकी खोल रुजली होती, की साडी हे त्यांना मरियेचे अवमूल्यन वाटले. फोन्सेकाने पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात आश्रय घेतला आणि १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो चित्रे काढीत राहिला. त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह आज गोव्यातच जतन केलेला आहे. रोमच्या जडावकामात कोळ्यांना सभासदांचे झगे चढविले तेव्हा त्यांचे अवमूल्यन झाले असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. भारतीय साडीला मात्र जाब द्यावा लागला. कोणत्या वस्त्राला प्रतिष्ठा आहे आणि कोणत्या नाही, हे ठरविण्याची सत्ता कोणाच्या हाती होती, ते या दोन प्रसंगांवरून दिसते.

अशी चित्रे पाहताना दोन टोकांचे निर्णय घाईने दिले जातात. कोणी त्यांत निव्वळ भक्ती पाहतो, कोणी निव्वळ धनिकांचा मिरवण्याचा सोस पाहतो. एन्रिको स्क्रोवेन्यी काय किंवा निकोला रोलाँ काय, यांना नरकाचे भय खरोखरच वाटत होते, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपल्याला मोठे म्हणावे असेही खरोखरच वाटत होते. माणसाच्या मनात या दोन गोष्टी सुखाने एकत्र राहतात. चित्रकाराला दोन्ही दिसत होत्या. त्याने दात्याला त्याची जागा दिली आणि त्याच चौकटीत, कधी मध्यभागी, कधी तळाशी, ज्यांनी एक कवडीही दिली नव्हती अशा मेंढपाळांना, पोरक्या मुलांना आणि मळक्या पायांच्या यात्रेकरूंनाही आणून बसविले.

पादुआच्या त्या प्रार्थनामंदिराचा १४ व्या शतकातील शहरातील इतर भित्तिचित्रांसह २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. भिंतींना दमट हवा लागू नये म्हणून प्रेक्षकांना लहान लहान गटांनी, अगदी थोडा वेळ आत सोडतात. आत गेल्यावर अंतिम न्यायाच्या चित्रात तळाशी जांभळ्या पोशाखातील गुडघे टेकलेला गृहस्थ दिसतो आणि हा कोण, अशी विचारणा होते. मग त्याचे नाव सांगितले जाते, आणि त्यापाठोपाठ त्याच्या बापाच्या सावकारीची हकीकतही सांगितली जाते. जी गोष्ट लोकांनी विसरावी म्हणून एन्रिकोने एवढा खर्च केला, ती त्याच्या देवळामुळेच सातशे वर्षांनंतरही कोणी विसरलेले नाही.